बाहेरचे घड्याळ

१

दुपारचे जेवण झाले की पद्मा झोपाळ्यावर बसते आणि देवाच्या वाती वळते. मी समोरच्या खुर्चीत बसतो. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत दुपारचा एवढाच कार्यक्रम असतो. झोपाळ्याची उजवी कडी कुरकुरते. पुढे जाताना आवाज नसतो, मागे येताना असतो. तेल घातले तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. आता मी तेल घालणे सोडून दिले आहे. त्या आवाजावर मला डुलकी लागते आणि तो थांबला की जाग येते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे आयुष्यभर मी नाचाच्या वर्गात पेटीवर लेहरा धरला. लेहरा म्हणजे एक छोटीशी चाल, पुन्हा पुन्हा तीच. नाचणारी मुलगी कितीही गिरक्या घेऊ दे, तबला कुठेही फिरून येऊ दे, लेहरेवाल्याने जागचे हलायचे नाही. सगळे त्याच्या भरवशावर असतात. कुणाचा ठोका पडायचा राहिला, तर तो आपण हळूच भरायचा आणि पुढे जायचे. बघणाऱ्याला कळू द्यायचे नाही. ही सवय बोटांत अशी बसली आहे की घरात नळ ठिबकता ठिबकता मध्येच थांबला, तरी माझे बोट खुर्चीच्या हातावर पडते.

पद्माचे हृदय दिवाळीपासून थकले आहे. डॉक्टरांनी जिना बंद केला. जास्त बोलली तरी तिला दम लागतो, पण बोलणे तिने कमी केलेले नाही. पायांना गार लागू नये म्हणून ती घरात मऊ चपला घालते. झोपाळ्यावर बसताना त्या खाली काढून ठेवते. टोके स्वयंपाकघराकडे, म्हणजे उठले की सरळ पायात. माझ्या चपला खुर्चीपाशी पडतील तशा पडलेल्या असतात. त्यावरून रोज एकदा बोलणी खातो.

एवढेच आमचे घर. त्यात काही जास्तीचे नव्हते.

२

देवश्री ही माझ्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून सुरतेला असतात. हिची नोकरी इथेच, अलकापुरीत, म्हणून ही आमच्याकडे राहते. जानेवारीत, उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, तोंडावर आलेली असताना, तिने ऑफिसातून एक यंत्र घरी आणले. हिरवा बोर्ड, त्याला वायरी, बाजूला छोटा पंखा आणि एक पडदा. टीव्हीच्या टेबलावर सगळे मांडले.

"घरी का आणलंस गं हे?" पद्माने विचारले.

"ऑफिसात सगळे डोकं खातात, आजी. इथे शांती छे."

"शांती छे म्हणे! आजोबांनी पेटी काढली की सांगशील."

मी विचारले तेव्हा तिने समजावून सांगितले. हॉस्पिटलात पेशंटच्या रक्तात औषध सोडणारा एक पंप असतो, त्यात हे बसणार. एका सेकंदात हजार वेळा याने हजर व्हायचे, औषध किती गेले ते बघायचे. एकदाही उशीर चालत नाही.

"मग हा लेहराच झाला," मी म्हणालो.

"तुमचाच धंदा, आजोबा. म्हणून तर तुमच्यासाठी आवाज लावलाय. हजार हजेऱ्या झाल्या की एक टिक."

यंत्र टिक टिक करू लागले. लय सरळ होती. मला आवडली.

"पण उशीर होतो याला," देवश्री म्हणाली. "रोज नाही. कधीतरी. आधी वाटलं, गरम झालं की अंग चोरतं, म्हणून पंखा लावला. काम नसलं की ते पेंगायला लागतं आणि उठायला वेळ लावतं, तर पेंगणंच बंद केलं. मेमरीला मधूनमधून स्वतःला ताजं करावं लागतं, तेवढ्या वेळात तिच्याकडे कुणी गेलं तर दाराशी थांबावं लागतं. एकाच रस्त्याने दोघांना जायचं असलं तरी एकजण थांबतो. ते सगळं शोधलं. तरी एक उशीर उरतोच."

"कुणाचा?"

"सगळ्यात खाली, बोर्डाच्या पोटात, बनवणाऱ्यांनी घातलेला एक प्रोग्राम असतो. देखरेख करणारा. त्याच्या मनात आलं की तो सगळ्यांच्या हातातलं काम थांबवतो. विचारत नाही. आपलं काय ते उरकतो आणि जातो. वरच्यांना पत्ता लागत नाही."

"असं कसं? आपण झोपलो तर उठल्यावर कळतं की झोपलो होतो."

"झोपलेल्याला कळतं ना. याला झोपवत नाहीत, आजोबा. थांबवतात. हात वर असेल तर वरच. मग सोडतात. त्याला वाटतं मध्ये काही झालंच नाही."

मी यंत्राच्या पंख्याकडे पाहिले. मग विचारले, "तुला कसं कळतं मग?"

"बाहेरचं घड्याळ लावायचं. जे थांबवलेलं नाही असं."

"तुझ्या आजोबांना लाव," पद्मा म्हणाली. "ते कधी थांबतात? लग्नात सप्तपदीलासुद्धा पायाने ठेका धरला होता."

३

दोन दिवसांनी दुपारी मी खुर्चीत बसलो होतो. यंत्राची टिक चालू होती आणि तिच्यावर मी मनात माझ्या सोळा मात्रा मोजत होतो. गच्च्यांवर पोरे पतंग उडवत होती. कुणाचा तरी स्पीकर ओरडत होता.

टिक आली नाही.

आधी वाटले, यंत्र बंद पडले. मग जाणवले की स्पीकरही गप्प आहे, पोरेही गप्प आहेत. मी पद्माकडे पाहिले. झोपाळा पुढे आला होता आणि पुढेच होता. साखळ्या तिरप्या होत्या. तिच्या बोटांत कापसाची अर्धी वात होती. यंत्राच्या छोट्या पंख्याची सगळी पाती मला वेगवेगळी दिसत होती. खिडकीत एक लाल पतंग उभा होता. त्याची शेपटी वळली होती आणि तशीच राहिली होती.

मी डोळे मिटले नव्हते. मनातली मोजणी चालू होती.

टिक.

कडी कुरकुरली. पोरे ओरडली. पतंग खाली गोता खाऊन गेला. पद्माने वात पुरी केली आणि टोपलीत टाकली.

"देवश्री," मी म्हणालो, "तुझं यंत्र आत्ता थांबलं होतं."

ती आतून आली आणि तिने पडद्यावर वाकून बघितले. "नाही, आजोबा. रेष सपाट आहे. आज तर एकही उशीर नाही." ती खूश दिसत होती.

म्हाताऱ्या माणसाला डुलकी लागते. डुलकीत माणूस काहीही बघतो. मी स्वतःला तसे सांगितले आणि ते मला पटलेही. पण माझी मोजणी यंत्राच्या तीन मात्रा पुढे गेली होती, आणि मोजणीत मी डुलकीतही चुकत नाही.

चहाच्या वेळी पद्मा उठली, तेव्हा तिचे पाय चपला शोधू लागले.

"या तुम्ही फिरवल्यात का हो?"

चपलांची टोके स्वयंपाकघराकडे नव्हती. जिन्याच्या दाराकडे होती.

"मी कशाला फिरवू?"

"मग चालत फिरल्या असतील," ती म्हणाली आणि हसली.

४

दुसऱ्या खेपेला मी तयारीत होतो, असे म्हणायला हरकत नाही. सगळे पुन्हा गप्प झाले आणि मी पद्मावरून नजर हलवली नाही. मला काही दिसले नाही. फक्त मोजता मोजता माझी पापणी लवली. एकदाच लवली असेल.

टिक आली तेव्हा तिचे कुंकू मोठे झाले होते.

पद्मा वर्षानुवर्षे कुंकवाचा बारीक ठिपका लावते. आता तो आठ आण्याच्या नाण्याएवढा होता, आणि वर केसांच्या दिशेने थोडा ओढलेला.

मी उठलो. रुमाल काढला आणि तिचे कपाळ पुसले.

"अहो, काय करता?"

"घाम आहे."

"या थंडीत?"

"आहे थोडा."

तिने माझ्याकडे बघितले. मग टोपलीतल्या वाती मोजायला लागली. तिला खोटे कळते, पण ती दर वेळी पकडत नाही. मी रुमाल खिशात ठेवला. तो लाल झाला होता.

त्या संध्याकाळी मी देवश्रीला म्हणालो, "तुझं बाहेरचं घड्याळ लाव ना. मला बघायचंय."

"लावलंय, आजोबा." तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली डबी दाखवली. "ही थेट आकाशातल्या घड्याळाला विचारते. दोन्ही अगदी बरोबर चालतात."

"आकाशातलं पण बरोबर आहे?"

"एकदम."

"देवश्री, बाहेरचं म्हणजे किती बाहेरचं गं?"

ती हसायला लागली आणि मग थांबली. "तुम्ही दुपारचे जरा आडवे होत जा ना," ती म्हणाली.

तिचे चुकले नव्हते. मलाही ते बरे वाटले असते. मी माझ्या मनाशी सगळी कारणे मांडली, जशी तिने यंत्राची मांडली होती. वय, डोळे, रात्रीची अपुरी झोप, पद्माची काळजी. एकेक काढत गेलो. तरी एक उरतच होते.

तिसऱ्या खेपेनंतर पद्माच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. पाटलीच्या मागे, दोन्ही हातांत.

"देवश्रीनं घातल्या असतील," ती म्हणाली. "संक्रांतीच्या. मला आठवतच नाही बघा हल्ली." आणि तिने हात हलवून त्या वाजवल्या. तिला आवडल्या होत्या.

देवश्री त्या वेळी ऑफिसात होती.

माझी आई गेली तेव्हा वडील हयात होते. बायकांनी आईला सजवले, तेव्हा मी दाराशी उभा होतो. हिरवा चुडा भरला. कपाळावर मळवट भरला, तो ठिपक्यापासून सुरू करून वर ओढत नेला. पाय दाराकडे केले. पुढे वडील गेले, तेव्हा त्यांच्या कपाळाला काळा बुक्का लावला. क्रम थोडा मागेपुढे होत असेल. पण हे सगळे कशाची तयारी म्हणून करतात ते मला माहीत आहे.

त्या दिवशी मी दुपारभर पद्माच्या पायाशी बसून राहिलो. तिने विचारले, "काय झालंय तुम्हाला?" मी म्हणालो, "पाय चेपतो." ती म्हणाली, "चेपा मग, सवय नाही मला, पण चेपा."

५

पुढची चूक माझी. चूक म्हणावे की सवय, मला ठरवता येत नाही.

मी झोपाळ्याशेजारी स्टुलावर बसलो होतो. पद्माच्या हिरव्या बांगड्या मी काढायला लावल्या होत्या. हात सुजेल, असे काहीतरी कारण दिले होते. देवश्री टेबलापाशी फोनवर होती. "हा, बोलो ने," असे म्हणून पुढे गुजरातीत काही सांगत होती. तिचे वाक्य मध्येच तुटले.

टिक आली नाही.

आणि जिथे ती यायला हवी होती, तिथे माझे बोट झोपाळ्याच्या फळीवर पडले. टक्. मी काही ठरवले नव्हते. आयुष्यभर राहिलेला ठोका मी भरत आलो, तसाच तोही भरला. पुढचाही भरला. त्या शांततेत तो आवाज खोलीभर गेला.

मग मी थांबलो. माझ्या लक्षात आले की आता खोलीत कळले आहे. कुणीतरी थांबलेले नाही, हे कळले आहे.

मोजणी चालूच होती. सात. आठ. नऊ.

नवव्या मात्रेवर माझ्या पाठीमागे टक् असे वाजले.

लाकडावर बोट पडावे तसे. जोरात नाही. लय माझीच होती, केसाचाही फरक नव्हता. एखादा जुना साथीदार मागे येऊन बसावा आणि त्याने म्हणावे, तुम्ही चालू ठेवा, मी आहे. मला मान वळवता आली असती. मी वळवली नाही. सतरा जणांनी येऊन सांगितले असते तरी वळवली नसती.

पण झोपाळ्याच्या साखळीला पितळी गोळे आहेत. पद्मा ते दर शुक्रवारी चिंचेने घासते. समोरच्या गोळ्यात आमची खोली वाकडी होऊन दिसते. त्यात मला पद्माचे कपाळ दिसले. त्यावर एक अंगठा हळूहळू वर सरकत होता. आईने लेकीला लावावे, तितक्या मायेने. घाई नव्हती. अंगठ्याच्या मागे हात असायला हवा होता. गोळ्याच्या कडेला खोली संपत होती, आणि हात तिथून पुढे चालूच होता.

टिक.

"...काले वात करिये," म्हणत देवश्रीने फोनवरचे बोलणे उद्यावर टाकले.

"बघता काय असे?" पद्माने विचारले.

मी रुमाल काढला. या वेळी तिने डोळे मिटून कपाळ पुढे केले.

६

देवश्रीचा उशीर सापडला. त्या खालच्या प्रोग्रामला दामटून बसवता येते असे कळले, तिने बसवले आणि यंत्र ऑफिसात परत नेले. येताना पेढे आणले. पद्माने अर्धा खाल्ला.

"आता कुणी मध्ये येत नाही, आजोबा," देवश्री म्हणाली.

टिक गेली. घर जुन्यासारखे झाले. मला वाटले होते की यंत्राबरोबर ते जाईल. पण यंत्राने काही आणले नव्हते. त्याने फक्त मला ऐकायला लावले होते. चपला पुन्हा फिरल्या. मी त्या पुन्हा सरळ केल्या.

मला एवढेच कळत होते की जो मोजतो तो थांबत नाही. मी मोजतो म्हणून मी जागा राहतो. पद्मा मोजत नाही, म्हणून तिचे काय केले जाते ते तिला कळत नाही. ती जागी राहिली तर तिच्या कपाळाला हात लावू देईल का? ती कुणाला लावू देणारी बाई नाही.

म्हणून मी तिला म्हणालो, "ठेका धरायला शिकतेस?"

"आता? या वयात?"

"मला सोबत होईल."

"पन्नास वर्षं सोबत झाली नाही वाटतं," ती म्हणाली. पण पदर खोचून बसली. मी माळ्यावरून पेटी काढली, पुसली, भाता उघडला. लेहरा सुरू केला. तिने उजव्या हाताच्या बोटाने झोपाळ्याच्या फळीवर ठोका धरला. पहिल्या दिवशी ती सारखी हसत होती. तिला दम लागला की आम्ही थांबत होतो. हळूहळू तिचे बोट स्थिर झाले. एकदा मी मुद्दाम चाल बदलून बघितली. ती हलली नाही.

"चुकवता काय मला?" ती म्हणाली. "आता मी नाही सोडत."

मला इतका आनंद झाला की मी पेटी बंद केली.

तिचे बोट चालूच होते. टक्. टक्. टक्. झोपाळा हलत होता, कडी कुरकुरत होती, खिडकीतून उन्हाचा पट्टा तिच्या मांडीवरच्या कापसावर पडला होता. तिचा ठोका किंचित पुढे पळत होता. मी तो सुधारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा दुसरे कुणी लेहरा धरत होते आणि मी नुसता ऐकत बसलो होतो. मोजत नव्हतो. हे माझ्या ध्यानात आले नाही. इतके बरे वाटत होते की आलेच नाही.

टक्. टक्.

काहीही झाले नाही. मी शपथेवर सांगतो, त्या दोन ठोक्यांच्या मध्ये काहीही झाले नाही. बाहेर कुणाचा तरी स्पीकर वाजत होता, तो वाजतच राहिला.

फक्त, पहिल्या ठोक्याला पद्मा हसत होती. दुसऱ्या ठोक्याला तिचा चेहरा पांढरा होता. वातींची टोपली जमिनीवर पालथी पडली होती. ती झोपाळ्यावर नव्हती. माझ्यासमोर उभी होती, अनवाणी. तिला धाप लागली होती. डावा हात माझ्या खांद्यावर होता. उजव्या हाताचे बोट पेटीच्या लाकडावर पडत होते, टक्, टक्, आणि ते थांबत नव्हते.

"पद्मा? काय गं?"

तिने डाव्या हाताने पदराचे टोक घेतले आणि माझे कपाळ पुसले. नीट, कोपऱ्यापर्यंत.

"काय आहे?"

"घाम आहे," ती म्हणाली.

मी तिच्या हाताकडे बघितले. तिने पदर मुठीत दाबला होता, पण बोटांच्या फटीतून काळे दिसत होते. बुक्क्याचा वास आला. आमच्या घरात बुक्का नाही.

मी आणखी विचारणार होतो. तेवढ्यात तिचा पाय पुढे सरकला. खुर्चीपाशी माझ्या चपला होत्या, एकीशेजारी एक, व्यवस्थित, टोके जिन्याच्या दाराकडे. तिने अंगठ्याने एक फिरवली. मग दुसरी.

"वाजवा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. "मी आहे. तुम्ही वाजवा."

मी भात्यावर हात ठेवला आणि तिच्या बोटाबरोबर पुन्हा मोजू लागलो.